मोतिया की हस्तिदंती?

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीवरच्या किंवा औरंगपुऱ्यातल्या एखाद्या मॅचिंग सेंटरात थोडा वेळ उभं राहून बघा. ब्लाउजपीस घ्यायला आलेली बाई गठ्ठ्यातून दोन-तीन तुकडे बाजूला काढते, साडीच्या काठावर ठेवून निरखते आणि मग साडी-तुकडा दोन्ही उचलून सरळ दुकानाच्या दाराशी येते. 'जरा उजेडात बघते हं.' ट्यूबखाली तंतोतंत जुळलेला मेंदी रंग रस्त्यावरच्या उन्हात वेगळा निघू शकतो, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं, पण पक्कं माहीत असतं. तीच बाई आणि तिच्या घरची माणसं दिवाळीआधी रंगाच्या दुकानात जातात, तेव्हा मात्र शेड कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनावर बोट ठेवून सबंध खोलीचा निर्णय तिथल्या तिथे घेतात. डबे उचलून उजेडात बघायला कुणी दाराशी येत नाही.

लाल घ्यावा की हिरवा, यावर सहसा कुणाचं अडत नाही. अडतं ते दोन जवळजवळ सारख्या फिक्या रंगांवर. एकात राखाडीची पुसट झाक असते, दुसऱ्यात पिवळ्याची. कंपन्या त्यांना नवनवी नावं देत राहतात. या प्रकरणापुरतं आपण पहिल्याला मोतिया म्हणू आणि दुसऱ्याला हस्तिदंती. घरात दोन तट पडतात, आठवडा जातो, पेंटर खोळंबतो, आणि शेवटी 'काहीही घ्या, दोन्ही सारखेच' यावर गाडी येऊन थांबते. दोन्ही सारखे नसतात. मात्र आपण कार्डावर जो फरक शोधत बसतो तो भिंतीवर उपयोगी पडत नाही, आणि पुढची पाच-सात वर्षं भिंतीवर जो दिसणार असतो तो कार्डावर नसतोच.

दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. दसरा-दिवाळीच्या आधी घराला चुना लागायचा. कळीचा चुना पिंपात विरवायचा, तो फसफसून शांत झाला की फडक्यातून गाळायचा, चिकटावा म्हणून थोडा डिंक घालायचा आणि शेवटी निळीची पुरचुंडी त्यात फिरवायची. कुंच्याने पहिला हात मारला की भिंत आधी करडी, मळकी दिसायची आणि वाळत गेली की डोळ्यांदेखत उजळायची. या उजळण्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा पुन्हा दगडासारखा कॅल्शियम कार्बोनेट होतो. त्याच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांत पाणी असेपर्यंत उजेड फारसा न वळता खोल शिरतो आणि हरवतो. पाणी जाऊन हवा भरली की प्रत्येक कणाच्या कडेवरून उजेड उलटा फिरतो. पांढरेपणा म्हणजे न शोषला जाता परत आलेला उजेड. आजच्या इमल्शनचं याच्या उलट आहे. त्यातला चिकटवणारा पदार्थ ओला असताना दुधाळ असतो आणि वाळताना पारदर्शक होतो, म्हणून इमल्शन लावताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर थोडं गडद होतं. ओल्या भिंतीकडे बघून 'अरे, हा फारच पांढरा झाला' म्हणत पेंटरला त्यात स्टेनर टाकायला लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. निदान रात्र जाऊ द्यावी.

निळीचं काम चुन्यापेक्षा सूक्ष्म होतं. चुन्यात जात्याच थोडी पिवळट छटा असते. निळा हा पिवळ्याचा विरोधी रंग. तो चिमूटभर पडला की पिवळटपणा मारला जातो. एकूण परत येणारा उजेड त्याने खरं तर थोडा कमीच होतो, तरी डोळ्याला भिंत अधिक पांढरी वाटते. धोतर, सदरे, शाळेचे गणवेश यांनाही आपण हेच करत आलो. त्यातून आपल्या डोळ्यांना एक वळण लागून गेलं आहे: निळसर झाक म्हणजे स्वच्छ, पिवळसर झाक म्हणजे जुनाट किंवा मळकट. मोतिया-हस्तिदंतीच्या भांडणात 'हस्तिदंती जुना वाटतो' असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा बोलणारी ही निळीची सवय असते. ती चूक म्हणता येणार नाही, पण ती आपल्या मनात काम करते आहे हे ठाऊक असावं.

आता दुकानातल्या यंत्राकडे जाऊ. गेल्या तीसेक वर्षांत रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीन आलं आणि मोजक्या तयार रंगांच्या जागी हजारांहून अधिक शेड झाल्या. मशीनखाली जो डबा ठेवतात त्याला बेस म्हणतात. त्याचा पांढरेपणा मुख्यत्वे टायटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीतून येतो. या पदार्थात उजेड इतका जोरात वळतो की त्याचा अपवर्तनांक २.७ च्या आसपास भरतो. चुनखडीचा असतो १.६ च्या आसपास. म्हणूनच चुन्याचे जे काम तीन-चार हातांत होई ते इमल्शनच्या दोन हातांत भागतं. दुकानदार कॉम्प्युटरवर कोड टाकतो, वरच्या नळ्यांतून काळ्याची, पिवळ्या ऑक्साइडची, लाल ऑक्साइडची बारीक धार डब्यात पडते, झाकण ठोकून डबा घुसळणाऱ्या यंत्रात जातो आणि दोन-तीन मिनिटांत रंग तयार होतो. फिक्या शेडच्या वेळी नीट बघितलं तर धार अशी पडतच नाही, थेंबच पडतात. लिटरभर पांढऱ्यात काळ्याचे काही थेंब पडले की मोतिया, पिवळ्याचे पडले की हस्तिदंती. सबंध घराचा वाद या थेंबांवरचा असतो.

आणि तरीही डोळा तो फरक पकडतो. माणसाच्या डोळ्याची ही ताकद मोजायचे प्रयत्न विसाव्या शतकात खूप झाले. कोडॅक कंपनीतले शास्त्रज्ञ डेव्हिड मॅकॅडम यांनी १९४२ मध्ये दाखवून दिलं की डोळ्याची ही बारकाई सगळ्या रंगांत सारखी नसते. पुढे १९७६ मध्ये प्रकाश आणि रंगमापनाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने रंगांमधलं अंतर आकड्यात सांगण्याची रीत ठरवली. तिला डेल्टा-ई म्हणतात. ढोबळमानाने, दोन रंग कडेला कड लावून ठेवले तर एक-दोन एककांचा फरकही चांगल्या डोळ्याला कळतो. पण 'कडेला कड लावून' ही अट फार महत्त्वाची आहे. तेच दोन रंग वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, एक बघून या आणि मग दुसरा बघा; एवढा फरक तुम्हाला आठवणार नाही. रंगाच्या बाबतीत डोळा तुलनेत तरबेज आहे आणि आठवणीत कच्चा.

पूर्ण प्रकरणाचा कणा हाच आहे. दुकानात आपण मोतिया आणि हस्तिदंती शेजारी ठेवून तासभर त्यांची तुलना करतो. पण घराच्या भिंतीवर ते दोघे शेजारी कधीच येणार नसतात. एक लागणार, दुसरा दुकानातच राहणार. जो लागेल त्याच्या शेजारी असेल छताचा पांढरा, दाराची सागवानी चौकट, खालची फरशी, पडदा, आणि समोरच्या इमारतीवरून खिडकीतून आत आलेला उजेड. 'या दोघांत बरा कोण?' हा दुकानातला प्रश्न झाला. खोलीला पडणारा प्रश्न वेगळा आहे: 'या सगळ्यांबरोबर नांदेल कोण?'

शेजाराने रंग बदलतो, हे पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात फार रोखठोकपणे कळलं. चित्रजवनिका विणणाऱ्या या सरकारी कारखान्यात मिशेल युजेन शेव्हरल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये रंगाई विभागाचे प्रमुख झाले. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा फिका पडतो, रंग नीट चढत नाही, अशी तक्रार त्यांच्यापुढे आली. त्यांनी काळा तपासला, इतर कारखान्यांतल्या काळ्यांशी ताडून पाहिला. रंगात काहीच खोट निघाली नाही. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. रंग शेजाऱ्याला आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. तुमच्या खोलीची जुनी भिंत गुलाबी असेल आणि तिच्यावर मोतियाचा पट्टा मारून बघितलात, तर तो हिरवट दिसेल. तिथे मोतिया बाद होतो तो स्वतःच्या दोषाने नव्हे.

दोन पांढरे खरोखरच शेजारी नांदतात अशी इमारत मात्र आपल्या शहरात आहे, आणि ती बघायला औरंगपुऱ्यातून रिक्षाने फार वेळ लागत नाही. बेगमपुऱ्यापलीकडचा बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिच्या स्मरणार्थ उभारलेली ही वास्तू १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. मुख्य दरवाजावर स्थापती अताउल्लाह आणि अभियंता हंसपतराय यांची नावं आहेत. अताउल्लाह म्हणजे ताजमहालाशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. सुरतेहून गोवळकोंड्याच्या वाटेवर संगमरवराने लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्याचं फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निए लिहून गेला आहे. तरीही सगळी इमारत दगडाने मढवण्याइतका संगमरवर इथे वापरलेला नाही. घुमट संगमरवरी आहे, खालचा कमरेच्या उंचीपर्यंतचा पट्टा संगमरवरी आहे. मधला मोठा भाग म्हणजे दख्खनच्या काळ्या बसाल्ट दगडाची बांधणी आणि तिच्यावर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा, त्यावर गचकाम.

पर्यटक हे सगळं 'गरिबाचा ताज' या एका शब्दप्रयोगात उडवून लावतात. मला ते पटत नाही. दोन वेगळ्या पदार्थांतून एकच पांढरा उभा करायचा, हे काम पूर्ण संगमरवरापेक्षा अवघड आहे. कारागिरांनी ते इतकं साधलं आहे की लांबून, बागेतल्या वाटेवरून येताना, सगळी इमारत एका रंगाची वाटते. जवळ जा, पट्टा जिथे संपतो आणि गिलावा सुरू होतो त्या रेषेशी उभे राहा. संगमरवर थोडा पारभासक असतो. उजेड त्याच्या आत किंचित शिरतो, फिरतो आणि मग बाहेर येतो, त्यामुळे त्याचा पांढरा आतून आल्यासारखा वाटतो. गिलाव्याचा पांढरा पृष्ठभागावरच संपतो. पाऊस पडून गेल्यावर तर हा फरक सहज कळतो: गिलावा पाणी पितो आणि काळवंडतो, संगमरवर नुसता धुतला जातो. साडेतीन शतकांच्या हवापाण्याने ही दरी वाढवली आहे. इथे दोन पांढऱ्यांमध्ये रेष आहे, कड आहे, म्हणून डोळा क्षणात न्याय करतो. तुमच्या खोलीत ही कड एकाच ठिकाणी असते: भिंत जिथे छताला भिडते तिथे.

छताची गोष्ट बहुतेक घरांत विसरली जाते. पेंटर विचारत नाही, तुम्ही सांगत नाही, आणि छताला सवयीने शुभ्र पांढरा लागतो. आता त्या शुभ्राखाली हस्तिदंती आला की शेव्हरलचा नियम चालू होतो. शुभ्र पांढऱ्यात बहुधा निळसर झाक असते. ती शेजारच्या हस्तिदंतीला आणखी पिवळा करते. दुकानात जो ऊबदार वाटला तो घरी जुन्या कागदासारखा दिसू लागतो, आणि दोष रंगाला दिला जातो. हस्तिदंती घ्यायचाच असेल तर छताच्या पांढऱ्यालाही त्याच कुळाची, अगदी पुसट पिवळसर झाक द्यायला सांगा. मोतियाला शुभ्र छत चालतं, कारण दोघांचा कल एकाच बाजूला असतो. माझ्या मते सारख्या वाटणाऱ्या दोन फिक्या रंगांतला निम्मा निकाल छताकडे बघूनच लागतो.

उरलेला निम्मा उजेडाकडे जातो, आणि तिथे औरंगपुऱ्याची म्हणून काही खास गणितं आहेत. हा भाग दाट. खाली दुकान, वर बिऱ्हाड, समोरची इमारत हाताच्या अंतरावर. अशा घरात सरळ आकाश दिसणाऱ्या खिडक्या थोड्याच. बाकीच्यांत येतो तो समोरच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड. समोर विटकरी रंगाची भिंत असेल तर तुमच्या खोलीत तांबूस उजेड येतो, हिरवी जाळी बांधून कुठे बांधकाम चालू असेल तर हिरवट. समोरच्याने घर रंगवलं की तुमचा मोतिया बदलतो! जुन्या घरांतल्या शहाबादी फरशीवरून वर येणारा उजेड राखाडी असतो, नव्या फ्लॅटमधल्या क्रीम टाइल्सवरून येणारा पिवळसर. राखाडी फरशीवर मोतिया लावला तर खोली फार निस्तेज होते. क्रीम टाइल्सवर हस्तिदंती लावला तर सगळीकडे पिवळाच पिवळा.

घरसजावटीची पुस्तकं आणि व्हिडिओ 'उत्तरेच्या खोलीत उजेड थंड असतो, तिथे ऊबदार रंग लावा' असं ठामपणे सांगतात. हा सल्ला लंडन-न्यूयॉर्ककडून आलेला आहे. लंडन ५१ अंशांवर आहे. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. छत्रपती संभाजीनगर आहे १९ अंश ५३ मिनिटांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात परतताना पुन्हा डोक्यावर येतो. या दोन महिन्यांत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो तोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेकडेच. उलट डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर चढतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन खोलीत आतपर्यंत येतं. आपल्याकडच्या उत्तरेच्या खोलीला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं आणि हिवाळ्यात नुसतं निळं आकाश. रंग मात्र आपण दसरा-दिवाळीच्या मध्ये, ऑक्टोबरच्या उजेडात निवडतो. जी झाक ऑक्टोबरात बेताची वाटते ती मेमधल्या संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भडक होऊ शकते, आणि श्रावणातल्या ढगाळ दुपारी दिसेनाशी होते. म्हणून उत्तर-दक्षिणेपेक्षा खिडकीत तुम्हाला काय दिसतं, आकाश की भिंत, हा प्रश्न औरंगपुऱ्यासाठी अधिक कामाचा आहे.

खोलीच्या आतही उजेड स्वस्थ बसत नाही. एका भिंतीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असा तो उड्या मारत असतो, आणि दर उडीला रंगाची झाक थोडी वाढते. एक सोपं गणित करून बघा. समजा हस्तिदंती रंग लाल-पिवळ्या भागातला ८५ टक्के उजेड परत देतो आणि निळ्या भागातला ७५ टक्के. पहिल्या उडीनंतर लाल-पिवळा निळ्याच्या १.१३ पट. दुसऱ्या उडीनंतर उरतात ७२ आणि ५६ टक्के, म्हणजे १.२८ पट. तिसऱ्या उडीनंतर ६१ आणि ४२, म्हणजे जवळजवळ दीडपट. समोरासमोर भिंती जवळ असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत म्हणूनच रंग कार्डापेक्षा गडद आणि झाकदार दिसतो. जुने पेंटर हे गणित न करता सांगतात: 'कार्डात जो आवडला, त्याच्यापेक्षा एक पायरी फिका घ्या.' हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो.

रात्रीचा हिशेब वेगळा. आपल्याकडच्या बैठकीच्या खोल्या खऱ्या अर्थाने जाग्या होतात त्या संध्याकाळी सातनंतर: पाहुणे, मुलांचा अभ्यास, टीव्ही, जेवणं. तेव्हा उजेड असतो ट्यूबचा किंवा एलईडीचा. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल तर उजेड पिवळा, ६५०० असेल तर पांढरा-निळसर. ६५०० च्या उजेडात मोतिया आपला राखाडी बाहेर काढतो आणि भिंत दवाखान्यासारखी कोरी वाटू शकते. हस्तिदंतीची पिवळी झाक त्याच उजेडात बरीचशी मावळते आणि तो नुसता पांढरा दिसतो. पिवळ्या बल्बखाली बरोबर उलट घडतं. शिवाय एलईडीचा उजेड उन्हासारखा एकसंध नसतो. त्यात निळ्याचा एक उंच सुळका असतो, त्यानंतर एक घळ, आणि गडद लाल कमी. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवले असतील तर एका उजेडात ते जुळतात आणि दुसऱ्यात फाटतात. मॅचिंग सेंटरातली बाई दाराशी येते ती याचसाठी. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. एका कंपनीचा कोड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर 'मॅच' करून घेताना हाच धोका असतो.

बघणाऱ्याचा डोळाही यात धरावा लागतो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा उजेड कमी आत पोहोचतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नवं भिंग बसलेल्या आजी काही दिवस सांगत असतात, 'सगळं कसं निळं-निळं, लख्ख दिसतंय.' एकाच भिंतीकडे बघून नातू आणि आजी दोन वेगळी मतं देत असतील तर दोघंही खरं बोलत असतात. खोली ज्याची, जो तिथे दिवसाचे जास्त तास काढतो, त्याच्या मताला वजन द्यावं.

आता प्रत्यक्ष करायचं काय? दोन्ही शेडचे सगळ्यांत लहान डबे आणा. दोन मोठ्या ड्रॉइंग शीट घ्या, त्यांना कडेपर्यंत, कागदाचा पांढरा काठ जराही न ठेवता, रंग लावा. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. मागे पेन्सिलने कोड लिहा. भिंतीला लांबी आणि प्रायमर लागेपर्यंत थांबा, म्हणजे जुन्या रंगाचा शेजार सुटतो. पेंटर घाई करील. 'ताई, क्रीमच घ्या, मळखाऊ असतो,' असंही म्हणेल. त्याचं म्हणणं निराधार नाही. मराठवाड्यातली धूळ तपकिरी-करडी असते आणि ती पिवळसर रंगात लपते, शुभ्रात नाही. पण धुता येणारं इमल्शन घेतलंत तर मळखाऊपणावर सगळा निर्णय टांगायची गरज उरत नाही. त्याला शांतपणे सांगा, 'काका, रंग परवा सांगते.'

मग एकच शीट भिंतीला लावा. दोन्ही एकदम लावू नका. लावलीत तर डोळा पुन्हा तुलनेच्या नादी लागेल. एक शीट पूर्ण दिवस आणि रात्र: सकाळी खिडकीसमोरच्या भिंतीवर, दुपारी खिडकीच्याच भिंतीवर, जिथे उजेड सगळ्यांत कमी पोहोचतो, संध्याकाळी दाराच्या चौकटीला टेकवून, रात्री नेहमीचा दिवा लावून. एकदा स्टुलावर चढून ती छताला भिडवा. दुसऱ्या दिवशी दुसरी शीट. शीट जमिनीवर आडवी ठेवून बघू नका; भिंतीवर उजेड तिरपा पडतो, जमिनीवर वरून, आणि त्याने रंग फिका वाटतो. मोबाइलवर फोटो काढून नातेवाइकांना पाठवण्यातही अर्थ नाही. फोन आपल्या मनाने पांढरा ठरवतो आणि नेमकी जी झाक आपल्याला तपासायची असते तीच पुसून टाकतो.

दोन दिवसांत बहुधा एक शीट नकोशी वाटू लागते. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. तीच बाद करा.

पसंती ठरली की लागणारा सगळा रंग एकदम घ्या. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली असेल तर चार भिंती ४४० चौरस फूट होतात. दार-खिडक्या वजा करून ३८० च्या आसपास. चांगल्या भिंतीवर लिटरभर इमल्शन दोन हातांसाठी साधारण १२० ते १४० चौरस फूट पुरतं, म्हणजे तीन लिटर, आणि पुढे खिळे-ओरखडे बुजवण्यासाठी थोडा वर. अर्ध्या भिंतीवर रंग संपला आणि नवा डबा आणला, तर थेंबाभराचा फरकही भिंतीवर कड होऊन उमटतो, आणि कड डोळा सोडत नाही. दोन डबे असतील तर ते आधी एका बादलीत एकत्र करून घ्या. डब्यावरची कोडची चिठ्ठी काढून मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा.

आणि दोन दिवस बघूनही दोन्ही शीट सारख्याच आवडल्या, तर समजा की तुमच्या खोलीपुरता त्यांच्यात फरक नाही. तेव्हा ज्यातून उजेड जास्त परत येतो तो, म्हणजे दोघांतला फिका रंग घ्या. औरंगपुऱ्यातल्या बोळाकडेच्या खोल्यांना उजेडाचीच उणीव असते. वाचलेला वेळ आणि पैसा भिंतीतली ओल शोधण्यावर घाला, कारण ओल्या भिंतीवरचे पोपडे मोतियालाही येतात आणि हस्तिदंतीलाही.